तापल्या तेलातील लांब साखळ्यांचे कोडे

विशेष प्रतिनिधी

इंजिन ऑइलचा डबा विकत घेताना त्यावर छापलेल्या '२०डब्ल्यू-४०' किंवा '१०डब्ल्यू-३०' या आकड्यांकडे आपण क्वचितच लक्ष देतो. मेकॅनिक सांगेल ते तेल घ्यायचे, जुने काढून नवे भरायचे आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत विसरून जायचे, ही बहुतेक वाहनधारकांची रीत. तापले की पातळ होणे हा तेलाचा स्वभाव. तो काही प्रमाणात आवरता यावा म्हणून तेलात पॉलिमरच्या अतिसूक्ष्म, पण लांबच लांब साखळ्या मिसळलेल्या असतात. या साखळ्या तेलात नेमके काय करतात, याचे एक सुटसुटीत उत्तर अर्धशतकाहून अधिक काळ सांगितले गेले. अलीकडच्या प्रयोगांनी आणि त्यांच्या जोडीने झालेल्या संगणकीय प्रतिरूपणांनी, म्हणजेच सिम्युलेशनने, मात्र हे उत्तर सगळ्याच पॉलिमरना लागू पडत नसल्याचे दाखवून दिले. जे डोळ्यांना दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकातही सहजी सापडत नाही, त्याचा शोध संगणकाच्या साह्याने कसा घेतला जातो, हे समजून घेण्यासाठी तेलाच्या डब्याइतके जवळचे उदाहरण नाही.

आकड्यांचा अर्थ

द्रवाच्या वाहण्याला त्याच्या आतूनच होणारा विरोध म्हणजे श्यानता; व्यवहाराच्या भाषेत दाटपणा. पाण्याची श्यानता कमी, मधाची जास्त. इंजिनात एकमेकांवर घासणाऱ्या धातूच्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहावा लागतो. तेल फार पातळ झाले तर हा थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि झीज होते. ते फार दाट असेल तर सकाळी गाडी सुरू होताना ते सर्वत्र वेळेत पोहोचत नाही, शिवाय तेल ढवळण्यातच इंधन खर्ची पडते.

अडचण अशी, की एकाच तेलाला ही दोन्ही टोके सांभाळावी लागतात. मोटारीच्या साध्या, एकश्रेणी 'एसएई ३०' तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला साधारण १०० सेंटीस्टोक्स असते. तेच तेल १०० अंशांवर गेले की ती ११ च्या आसपास उतरते. तुलनेसाठी सांगायचे तर साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता एक सेंटीस्टोक असते. म्हणजे अवघ्या ६० अंशांच्या फरकाने तेलाचा दाटपणा नऊ पटींनी घटतो.

डब्यावरच्या आकड्यांचा संबंध याच्याशीच आहे. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे. त्यापूर्वीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो. २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे १५ अंशांना होते, तर १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंशांवरील दाटपणाची श्रेणी सांगतो. पुण्या-मुंबईत उणे १५ अंश कधी होतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. होत नाहीत, हे खरेच. पण २५ अंशांच्या सकाळीही तेल इंजिनाच्या चालत्या तापमानापेक्षा कित्येक पट दाट असते आणि ते सुरुवातीच्या क्षणांत सगळीकडे पोहोचणे तितकेच गरजेचे असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ बर्फाळ देशांचा नाही.

तापमानाबरोबर तेलाची श्यानता किती बदलते हे मोजण्यासाठी १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' ही मोजपट्टी सुचवली. पेनसिल्व्हेनियातील कमी बदलणाऱ्या तेलाला १०० आणि आखाती किनाऱ्यावरील फार बदलणाऱ्या तेलाला शून्य गुण, असा तिचा आधार होता. पुढे तेलात पॉलिमर मिसळून हा निर्देशांक शंभरच्याही पुढे नेता येऊ लागला. एकाच डब्यावर दोन आकडे येण्यामागचे महत्त्वाचे कारण हेच.

एक चिमूट आणि दुप्पट दाटपणा

पॉलिमर म्हणजे छोट्या रासायनिक घटकांची एकामागोमाग एक गुंफलेली साखळी. एका साखळीत असे हजारो घटक असू शकतात. थोडेसे पॉलिमर पुष्कळ द्रवाला दाट करते ते कसे, हा यातला मूळ प्रश्न.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या कठीण गोलकांचा हिशेब मांडला होता. मूळ मांडणीतली चूक दुरुस्त होऊन आलेले सूत्र असे सांगते, की घनफळाच्या एक टक्का गोलक मिसळले तर द्रवाची श्यानता अवघी अडीच टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात मात्र एक टक्का पॉलिमर टाकल्यावर गरम तेलाचा दाटपणा दुपटीच्या घरात जाऊ शकतो. वस्तू तेवढीच, पण परिणाम चाळीस पट!

याचे रहस्य साखळीच्या आकारात आहे. पॉलिमरची साखळी द्रवात ताठ उभी नसते आणि घट्ट गोळा होऊनही बसत नाही. शिवणाच्या डब्यात पडलेल्या सैल दोऱ्याच्या गुंत्यासारखे तिचे वेटोळे झालेले असते. या वेटोळ्यात दोरा थोडा, पोकळी जास्त. ती पोकळी तेलाने भरलेली असते आणि वेटोळे हलले की आतले तेलही त्याच्याबरोबर ओढले जाते. त्यामुळे द्रवाच्या दृष्टीने तिथे एक बारीक दोरा नसून भलामोठा गोळाच फिरत असतो. दाटपणा ठरतो तो पॉलिमरच्या वजनावरून नव्हे, तर त्याने व्यापलेल्या जागेवरून. साखळी जितकी लांब आणि वेटोळे जितके सैल, तितका तेवढ्याच वजनात अधिक परिणाम. शाम्पूपासून टोमॅटो सॉसपर्यंत अनेक पदार्थांना दाटपणा येतो त्यामागे हेच तत्त्व असते.

फुगणाऱ्या वेटोळ्याची कथा

मग तापमानाचे काय? येथेच ते सुटसुटीत उत्तर पुढे येते. १९५८ साली टी. डब्ल्यू. सेल्बी यांनी एका शोधनिबंधात मांडलेले चित्र पुढे वंगणशास्त्रात रूढ झाले. थंड तेलात साखळी आखडून लहान गोळा होते, म्हणून तिचा अडथळा कमी. तेल तापले की साखळी उलगडते, वेटोळे फुगते, अधिक जागा व्यापते आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला सावरते. थंडीत अंग चोरून बसायचे आणि उन्हात हातपाय पसरायचे, असा हा प्रकार.

चित्र इतके देखणे होते, की ते पाठ्यपुस्तकांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षे छापले गेले. शंका घ्यावी असे त्यात वरकरणी काही नव्हते. पॉलिमर मिसळल्यावर निर्देशांक सुधारतो, हे मोजता येत होते. साखळी फुगते म्हणून तो सुधारतो, हे मात्र अनुमान होते. परिणाम खरा असला म्हणजे त्याचे सांगितले गेलेले कारणही खरे ठरते असे नाही, हा विज्ञानातला जुनाच धडा येथे पुन्हा गिरवावा लागला.

२०१५ मध्ये मायकेल कोविच आणि किएरन ट्रिकेट यांनी तेलात वापरल्या जाणाऱ्या निरनिराळ्या पॉलिमरची मोजमापे प्रसिद्ध केली. पॉलिमेथॅक्रिलेट या कुळातील साखळ्या तापल्यावर खरोखरच फुगत होत्या. पण एथिलिन आणि प्रॉपिलिन यांच्यापासून बनणारी, इंजिन ऑइलमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ऑलेफिन कोपॉलिमरची साखळी तशी फुगत नव्हती. उलट काहीशी आकसत होती. तरीही ती तेलाचा निर्देशांक सुधारतच होती. म्हणजे जे कारण सर्वांना लागू समजले जात होते, ते एका कुळापुरतेच खरे निघाले.

पेटीतला द्रव

असे का होते, हे पाहण्यासाठी रेणूंच्या पातळीवर उतरावे लागते. संगणकीय प्रतिरूपणाचा उपयोग होतो तो येथे.

या पद्धतीची कल्पना ऐकायला साधी आहे. संगणकाच्या स्मृतीत एक काल्पनिक पेटी घ्यायची. तिची बाजू काही नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढी. तीत तेलाचे रेणू आणि पॉलिमरची एखादी साखळी अणू-अणूने मांडायची. कोणते दोन अणू एकमेकांना किती ओढतात किंवा ढकलतात, याची सूत्रे द्यायची. मग न्यूटनचा गतीविषयक नियम वापरून प्रत्येक अणू पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचे. सगळे अणू किंचित सरकवायचे, बले पुन्हा मोजायची, पुन्हा सरकवायचे. पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडणारा रेणू डाव्या भिंतीतून आत येतो, अशी सोय केलेली असते. त्यामुळे मूठभर रेणूंनाही आपण अथांग द्रवात असल्यासारखे वागता येते.

द्रवांच्या अशा प्रतिरूपणाचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ८६४ अणूंच्या द्रवरूप आरगॉनचे प्रतिरूपण केले. वास्तवाशी मिळतीजुळती बले वापरून द्रवाची हालचाल संगणकावर उभी करण्याचा तो आरंभीचा आणि मूलगामी प्रयत्न मानला जातो.

श्यानता मोजण्याचे दोन मार्ग आहेत. एक, द्रवाला शांत ठेवून त्याच्या आतील ताणात आपोआप होणारे चढउतार नोंदवायचे. ते किती लवकर विरतात यावरून श्यानता काढता येते. दुसरा, पेटीतील वरचे थर एका दिशेला आणि खालचे विरुद्ध दिशेला सरकवायचे आणि त्यासाठी किती जोर लागतो ते पाहायचे. पत्त्यांचा कॅट तळहाताखाली धरून सरकवावा, तसा हा प्रकार. आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याही श्यानतामापकात दिसत नाही, ती म्हणजे साखळी स्वतः. प्रत्येक क्षणी ती किती पसरली आहे, कुठे दुमडली आहे, तिच्या कोणत्या भागाशी तेलाचे रेणू सलगी करत आहेत, हे सगळे संगणक दाखवू शकतो.

साखळी का फुगते, का फुगत नाही

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सिड येथील अॅशली मार्टिनी यांच्या गटाने २०१६ मध्ये अशाच प्रतिरूपणांतून वेगवेगळ्या साखळ्यांचा पसारा निरनिराळ्या तापमानांना तपासला. मेथॅक्रिलेट कुळातील साखळी तापमानाबरोबर पसरत गेली, ऑलेफिनची पसरली नाही. प्रयोगशाळेत जे आढळले होते तेच पेटीतही दिसले. संगणकावर एक जादा सोय अशी, की साखळीच्या रचनेत हवा तो बदल करून पाहता येतो. एखादा गट काढायचा, दुसरा बसवायचा आणि वागणूक बदलते का ते बघायचे.

फरकाचे मूळ साखळीच्या रसायनात आहे. तेल हे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले. मेथॅक्रिलेटच्या साखळीत जागोजागी ऑक्सिजन असलेले एस्टर गट असतात. थंड तेलाशी त्यांचे फारसे पटत नाही. त्यामुळे साखळी तेलापासून अंग चोरून स्वतःतच गोळा होते. तापमान वाढले की रेणूंची धडपड वाढते, हा दुरावा गौण ठरतो आणि साखळी मोकळी होते. ऑलेफिनची साखळी तेलाप्रमाणेच निव्वळ कार्बन-हायड्रोजनची. तिला थंडीतही तेल परके नसते. ती आधीच मोकळी असते. मग तापल्यावर आणखी फुगणार कुठून?

न फुगताही तेल सुधारते कसे?

राहता राहिला प्रश्न असा, की ऑलेफिनची साखळी फुगत नाही तर तिचा उपयोग कसा होतो? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

दाट तेल तापल्यावर जितक्या पटींनी पातळ होते, तितक्या पटींनी मुळातच पातळ असलेले तेल होत नाही. वर पाहिलेले दाट तेल १०० वरून ११ वर आले, म्हणजे नऊ पट घट. त्याऐवजी ४० अंशांना सुमारे २० आणि १०० अंशांना सुमारे ४.२ सेंटीस्टोक्स असे पातळ मूळ तेल घेतले तर घट पाच पटींपेक्षा कमी. पण ४.२ ही श्यानता गरम इंजिनासाठी पुरेशी नाही. आता त्यात असे पॉलिमर मिसळा, जे फुगत नाही, आकसतही नाही. प्रत्येक तापमानाला दाटपणा सारख्याच, समजा २.६ पटींनी वाढवते. शंभर अंशांना श्यानता ११ होईल, दाट तेलाइतकीच. चाळीस अंशांना मात्र ती ५२ होईल, दाट तेलाच्या जवळपास निम्मी. म्हणजे गरम इंजिनात संरक्षण तेवढेच आणि थंड इंजिनात ओझे अर्धे!

हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत; प्रत्यक्ष तेलात इतरही घटक असतात. पण मुद्दा स्पष्ट व्हावा. पॉलिमरचे मुख्य काम पातळ तेलाचा मूळ गुण न बिघडवता त्याला वर उचलणे हे आहे. साखळी तापल्यावर फुगली तर तो वरचा लाभ. पण ती फुगलीच पाहिजे, अशी अट नाही. नवे पॉलिमर घडवू पाहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञासाठी हा फरक पुस्तकी नाही. फुगणे हीच एकमेव कसोटी मानली, तर कितीतरी उपयुक्त साखळ्या पहिल्याच चाळणीत बाद होतील.

लांबीची किंमत

साखळी लांब असेल तर परिणाम अधिक, हे खरे असले तरी लांबीची किंमतही मोजावी लागते. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर इतका पातळ आणि धातूचा वेग इतका जास्त असतो, की तेलाचे थर एकमेकांवरून विलक्षण वेगाने घसरतात. हा दर सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातो. म्हणूनच तेलाची एक प्रमाणित चाचणी १५० अंश तापमान आणि नेमक्या याच दराला केली जाते.

अशा प्रवाहात वेटोळे गोल राहत नाही. ते प्रवाहाच्या दिशेने ताणले जाते, कोलांटी खाते, पुन्हा गोळा होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चकाकणारे रंगद्रव्य लावलेल्या डीएनएच्या एकेका साखळीवर हा खेळ प्रत्यक्ष पाहिला होता. मणी आणि स्प्रिंग जोडून केलेल्या संगणकीय साखळ्यांतही तोच दिसला. ताणलेली साखळी प्रवाहाला कमी अडवते, त्यामुळे तेल तात्पुरते पातळ होते. वेग उतरला की दाटपणा परत येतो.

मात्र ताण हद्दीबाहेर गेला तर साखळी तुटते, आणि बहुधा मधोमध तुटते, कारण ओढ तिथेच सर्वाधिक असते. मग हे नुकसान कायमचे. लांब साखळी दाटपणा अधिक देते, पण तुटतेही लवकर. भारतातील बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल पुरवले जाते. गिअरच्या दात्यांमध्ये हे तेल सतत चिरडले जात असल्याने हा प्रश्न आपल्याकडे अधिकच जिव्हाळ्याचा ठरतो. तेल बदलण्याची मुदत पाळा, असा आग्रह धरला जातो त्यामागे काजळी आणि ऑक्सिडीकरण यांच्याबरोबर तुटलेल्या साखळ्यांचाही वाटा असतो. एका केंद्रातून अनेक फांद्या फुटलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या किंवा कंगव्यासारख्या पॉलिमरकडे संशोधक वळले त्यामागे, साखळी न तुटता तेवढाच दाटपणा मिळावा, हा एक हेतू आहे.

संगणकाच्या मर्यादा

एवढे सगळे संगणक दाखवत असेल, तर प्रयोगशाळेची गरजच काय? गरज आहे, आणि ती का आहे हे एका हिशेबावरून समजेल. अणूंची हालचाल बिनचूक टिपायची तर प्रत्येक पाऊल सुमारे एक फेम्टोसेकंदाचे, म्हणजे सेकंदाच्या एक दशलक्ष अब्जाव्या भागाचे ठेवावे लागते. संगणकाने सेकंदाला अशी हजार पावले टाकली तरी एक नॅनोसेकंद पाहायला सतरा मिनिटे लागतात. एक मिलिसेकंद पाहायचा तर बत्तीस वर्षे! आणि लांब साखळीला सावकाश उलगडायला नॅनोसेकंद पुरत नाहीत.

त्यामुळे काहीतरी सोडून द्यावेच लागते. एक वाट म्हणजे आखूड साखळ्या घेणे. दुसरी वाट म्हणजे बारकावे सोडणे. कर्ट क्रेमर आणि गॅरी ग्रेस्ट यांनी १९९० मध्ये अणूंऐवजी मणी आणि बंधांऐवजी स्प्रिंग घेऊन साखळ्यांच्या दाट गुंत्याचे प्रतिरूपण केले. शेजारच्या साखळ्यांत अडकलेली साखळी सापासारखी स्वतःच्याच वाटेने सरपटते, ही पिएर-गिल द जेन यांची १९७१ मधील कल्पना त्यातून तपासता आली. पण मण्यांच्या साखळीत एस्टर गट कुठून येणार? तेलाशी कोणाचे पटते आणि कोणाचे नाही, हे पाहायचे तर अणूंकडेच परतावे लागते. जे सोडले, त्याविषयीचा प्रश्न त्या प्रतिरूपणाला विचारता येत नाही. त्यातच, पेटीतील प्रवाहाचा वेग अनेकदा खऱ्या इंजिनाच्या कितीतरी पट ठेवावा लागतो. नाहीतर रेणूंच्या धडपडीत श्यानतेची खूण हरवून जाते.

म्हणूनच येथे प्रयोग आणि प्रतिरूपण यांनी एकमेकांची साक्ष काढणे महत्त्वाचे ठरले. साखळी फुगत नाही, हे मोजमापांनी सांगितले. का फुगत नाही, हे संगणकाने दाखवले. एकट्या मोजमापाला कारण सांगता आले नसते आणि एकट्या संगणकावर विश्वास ठेवायला कोणी तयार झाले नसते.

गाड्यांसाठी ०डब्ल्यू-२० सारखी अधिकाधिक पातळ तेले पुढे येत आहेत. इंधन वाचवायचे तर तेल पातळ हवे आणि इंजिन टिकवायचे तर ते पुरेसे दाट हवे, ही ओढाताण त्यामुळे अधिकच तीव्र होत जाणार. चुकीच्या समजुतीवर तेल बेतण्यास वाव त्या प्रमाणात कमी होत जाईल. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तेलाचा डबा उघडला जाताना त्यावरचे दोन आकडे जरूर वाचावेत. त्या दोन आकड्यांमधले अंतर सांभाळण्याचे काम, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या या साखळ्या करत असतात.